पर्पेचुआचा टॉवर

पहाटे पाच वाजता डेल्विनाने बूका बेटावरच्या कंपनीच्या कचेरीत बसून आईच्या डोंगरावरचा सिग्नलचा टॉवर चालू केला. पाच महिने तो बंद होता. लॅपटॉपच्या पडद्यावर आधी पिवळी खूण आली, मग हिरवी.

"वर कुणी गेलं नाही," ती नोएलीनला म्हणाली. "वाटेवर बांधलेल्या गोरगोरच्या दांड्याला कुणी हात लावला नाही. तांबू जमिनीवर असतो. हवेवर नाही."

नोएलीन तिची शाळेपासूनची मैत्रीण. कंपनीची सगळी यंत्रं तीच सांभाळायची. ती खाली बसून वायरी गुंडाळत होती.

"हे मला कशाला सांगतेस? आगाथाआईला सांग."

"सांगणार आहे."

"कधी?"

"करार झाल्यावर."

"मग मी आत्ताच आजारी पडते," नोएलीन म्हणाली. पण ती उठली नाही. वायरी गुंडाळत राहिली.

डोंगर डेल्विनाच्या आईच्या कुळाचा होता. आई, पर्पेचुआ, गेली तेव्हा तिची थोरली बहीण आगाथा हिने वाटेवर गोरगोर, म्हणजे रानआल्याचं मनाईची खूण असलेलं रोप, बांधलं. दुखवट्याचं मोठं जेवण होईपर्यंत तांबू, म्हणजे बंदी: डोंगरावर कुणी चढायचं नाही, झाड तोडायचं नाही, आवाज करायचा नाही. टॉवरही गप्प राहायचा. त्या जेवणासाठी पाळलेली डुकरं अजून लहान होती, त्यामुळे जेवण पुढे पुढे जात होतं. टॉवर गप्प, म्हणून पाचपैकी तीन गावांचे वजनकाटे बंद पडले होते; बोलण्यापुरता सिग्नल दुसरीकडून यायचा, काट्यांच्या नोंदी मात्र याच टॉवरवरून जायच्या.

या काट्यांवरच कंपनी उभी होती. गावातली बाई वाळवलेल्या कोकोचं पोतं काट्यावर ठेवायची आणि फोनवर अंगठा दाबायची. कुणाच्या बागेतला कोको, किती किलो, किती वाळलेला, सगळं त्या पोत्याच्या नावावर लागायचं. घेणारा साता समुद्रापलीकडे असला तरी त्याला ते दिसायचं. आधी ट्रकवाला सांगेल ते वजन आणि सांगेल तो भाव होता. पर्पेचुआने हे सगळं शून्यातून उभं केलं. बूकाची माणसं रंगाने फार काळी, म्हणून राजधानी मोर्सबीच्या बँकेत तिला पाठीमागे 'काळी बूका' म्हणायचे. ती ऐकून वळायची आणि म्हणायची, "हो, मीच. माझा अर्ज कुठे अडलाय?"

आता तीनशे चाळीस बायका कंपनीला कोको द्यायच्या, आणि कचेरीत आठ जणी होत्या. आज एफुआ ओदुरो येणार होती. ती मूळची घानाची. मेलबर्नमध्ये तिची स्वतःची चॉकलेटची कंपनी होती. पाचही गावांचा कोको तीन वर्षं घ्यायची तिची तयारी होती, पण पाचही काटे डोळ्यांसमोर चालताना तिला बघायचे होते. करार झाला नाही, तर नाताळपर्यंतही कंपनी टिकणार नव्हती. मोर्सबीचा एक व्यापारी काटे आणि बायकांची यादी विकत घ्यायला टपून बसला होता.

एफुआ सकाळच्या विमानाने आली. उंच, सावकाश बोलणारी, पायात साधे बूट. येता येता बाजारात थांबली तर सुपारीवाल्या बायकांनी तिला इथलीच समजून आपल्या बोलीत भाव सांगितला, आणि तिला कळेना तेव्हा एकीने हात हलवून म्हटलं, "शहरात राहून बोली विसरली बघा!" हे एफुआने स्वतःच हसत सांगितलं. डेल्विनाही हसली. 

नऊ वाजता आगाथा आली, आणि तिच्याबरोबर डेल्विनाचे वडील, लायनस. दोघं गावाहून बोटीने आले होते. आगाथा बायकांच्या संघाची अध्यक्ष होती, तिच्या सहीशिवाय करार होणार नव्हता. लायनस आत आले नाहीत. बाहेर पायरीवर बसले.

"प्रवास कसा झाला, आगाथाआई?" डेल्विनाने विचारलं.

"समुद्र होता. बोट होती. झाला."

एवढंच बोलून आगाथा खुर्चीत बसली, सुपारी काढली आणि चुन्याची डबी मांडीवर ठेवली. डेल्विनाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला काही कळलं की नाही, याचा अंदाज येईना. आगाथा एफुआकडे वळली आणि शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "दिसता तर आमच्यासारख्याच. जेवता पण आमच्यासारखं का?"

"वाढा, मग सांगते," एफुआ म्हणाली.

"आधी काम होऊ दे."

दहाला काम सुरू झालं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पाच चौकोन होते, एका गावाला एक. दहा वाजून दोन मिनिटांनी पहिला चौकोन भरला: अठ्ठावन्न किलो, बाईचं नाव, बागेचं नाव. मग दुसरा. ही दोन्ही गावं मिशनच्या टॉवरवर होती, ती नेहमीच चालत.

उरलेले तीन चौकोन रिकामे राहिले.

दहा वाजून दहा मिनिटं झाली. नोएलीनने डोंगराची खूण पाहिली. हिरवीगार. सिग्नल पूर्ण होता.

"पोतं चढवायला वेळ लागत असेल," डेल्विना एफुआला म्हणाली.

"लागू दे," एफुआ म्हणाली. "माझं विमान दीडला आहे."

सव्वादहा झाले. डेल्विनाने जोसेफाला फोन लावला. ती सगळ्यात दूरच्या गावातली काटेवाली. डेल्विना मुद्दाम आपल्या बोलीत बोलली.

"जोसेफा, पोतं चढवलं नाहीस का?"

"चढवलंय की. त्रेसष्ट किलो. चांगला वाळलाय."

"मग अंगठा दाब."

"नाही दाबत."

"काटा बिघडलाय का?"

"काट्याला काय होतंय? डोंगरावर टॉवरचा दिवा लागलाय, डेल्विना. पहाटेच सगळ्यांनी पाहिला. जेवण कधी झालं गं? आम्हाला आमंत्रण नाही आलं."

जोसेफाच्या मागे बायका हसल्या. चांगलं हसू नव्हतं ते.

"वर कुणी गेलेलं नाही," डेल्विना म्हणाली. "इथून चालू केलाय. कुणी पाऊल टाकलं नाही."

"पाऊल न टाकता चालू केलास?"

"हो."

"मग मीही पोतं न उतरवता गप्प बसते," जोसेफा म्हणाली. "बाकीच्या दोन गावांतही कुणी दाबणार नाही, फोन करून पैसे घालवू नकोस. पर्पेचुआच्या सुतकात तिच्याच डोंगरावरून आम्ही वजन पाठवायचं? आमच्या तोंडाला काळं फासायचं तेवढंच राहिलं होतं!"

फोन बंद झाला. आगाथाने चुन्याची काडी तोंडात घातली. सगळं तिला ऐकू गेलं होतं.

नोएलीन डेल्विनाच्या कानाशी आली. "सरावाच्या नोंदी आहेत माझ्याकडे. नव्या मुलींना शिकवायला बनवल्या होत्या. तिन्ही गावांच्या. एक कळ दाबली की चौकोन भरतील. या बाईला कधीच कळणार नाही."

"आगाथाआईला कळेल."

"आगाथाआईलाही करार हवाच आहे. विचार तिला."

डेल्विनाने आगाथाकडे पाहिलं. आगाथा खिडकीबाहेर खाडीचं पाणी बघत होती. नको म्हणत नव्हती. हो म्हणत नव्हती.

"काही अडचण आहे का?" एफुआने विचारलं.

"पाच मिनिटं द्या, मॅडम," डेल्विना म्हणाली आणि बाहेर आली.

लायनस पायरीवर तसेच बसले होते. बायको गेल्यापासून ते कचेरीत पाऊल टाकत नसत. दाढी गळ्याखाली उतरली होती. जेवण होईपर्यंत ती काढायची नव्हती.

"बाबा, आत या ना. ऊन आलंय."

"इथे बरं आहे."

ती शेजारी बसली. खाली खाडीचा प्रवाह जोरात होता, बोटी तिरक्या होऊन पलीकडे जात होत्या. तिला विचारायचं नव्हतं, पण तिने विचारलं.

"तुम्हीही दिवा पाहिलात?"

"पाहिला." "बोटीत तेल ओतत होतो. वर बघितलं तर दिवा. पूर्वी तो वर जाऊनच चालू करावा लागायचा, आठवतं ना तुला? तीच जायची पहाटे. मला वाटलं, वर गेलीय. आणि न खाताच गेलीय. मी डबा आणायला घराकडे वळलो."

"मग?"

"मग काय. चार पावलं गेलो आणि कळलं."

त्यांनी हे रागाने सांगितलं नाही. काय घडलं तेवढं सांगितलं. तांबू जमिनीवर असतो, हवेवर नाही, असं डेल्विना पहाटे मोठ्या हुशारीने म्हणाली होती. ते वाक्य आठवून तिचे कान तापले.

"तुमची चूक नाही, बाबा."

"माझी कुठे आहे?" लायनस म्हणाले. "जा. ती बाई खोळंबलीय."

डेल्विना आत गेली ती सरळ लॅपटॉपशी. नोएलीनचा हात कळेजवळच होता.

"टाकू?"

"सरक."

तिने टॉवर बंद केला. पडद्यावरची हिरवी खूण गेली आणि तीन चौकोन राखाडी झाले. एफुआ खुर्चीत पुढे झाली.

"हे काय केलंत?"

डेल्विनाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डोंगर कुणाचा, आई कधी गेली, तांबू कसला, टॉवर कुणी आणि का चालू केला, बायका का थांबल्या. नोंदी बनवून दाखवता आल्या असत्या, तेही सांगितलं. नोएलीनने डोळे मिटून घेतले.

एफुआने राखाडी चौकोनांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी तीन विमानं बदलून आले."

"हो, मॅडम."

"आईच्या दुखवट्यात तुम्ही हे केलंत. माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी नाही. करारासाठी."

"ठीक. मग करारापुरतंच बोलते. तीनशे चाळीस बायका आहेत. त्यांच्यात दर वर्षी कुणीतरी मरणार. दर वेळी एखादा डोंगर पाच महिने बंद राहणार?"

काम सुरू झाल्यापासून आगाथाने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "राहणार. तुमच्याकडे माणसं मरत नाहीत का?"

"मरतात," एफुआ म्हणाली. "आमच्याकडे तर पुरायलाच महिने लागतात. पण माझी भट्टी सोमवारी पेटते. जहाज थांबत नाही. कोको आला नाही तर मी भट्टीवरच्या चाळीस जणींना काय सांगू, बूकात कुणीतरी गेलं?"

डेल्विनाने खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"आईने टॉवर आपल्या डोंगरावर बांधला, कारण दुसऱ्या कुणी जमीन दिली नाही," ती म्हणाली. "तिथेच चुकलं. दुसरा टॉवर दुसऱ्या कुळाच्या डोंगरावर हवा. एका कुळाचं सुतक असलं तरी दुसऱ्याचा डोंगर मोकळा असतो. माझ्या वडिलांच्या बहिणीचा डोंगर समोरच आहे. तिथून तिन्ही गावं दिसतात."

"तो टॉवर कधी उभा राहील?"

डेल्विनाच्या तोंडावर 'दोन महिने' आलं होतं. तिने ते गिळलं. "माहीत नाही. आधी आत्याला विचारावं लागेल. ती वर्षभर माझ्याशी बोललेली नाही."

"का?"

"तिच्या मुलाला मी नोकरी दिली नाही."

"द्यायला हवी होती?"

"अजिबात नाही. त्याला बेरीज येत नाही."

एफुआ हसली नाही. वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. बाहेर कुणाच्या तरी बोटीचं इंजिन सुरू होत नव्हतं, ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

"जी दोन गावं मी पाहिली, त्यांचा कोको घेईन," ती शेवटी म्हणाली. "एका हंगामाचा. तीन वर्षांचं आज काही लिहिणार नाही. बाकीच्या तीन गावांचा कोको मी दुसरीकडून घेते, मला जहाज भरायचं आहे. दुसरा टॉवर झाला तर कळवा. तेव्हा जागा असेलच असं नाही."

"समजलं."

"मी कठोर वाटत असेन."

"नाही," डेल्विना म्हणाली. "आईनेही हेच केलं असतं." मग ती पाणी प्यायली.

आगाथाने कागद दोनदा वाचला आणि सही केली. मग आपल्या बोलीत डेल्विनाला म्हणाली, "दंडाचं डुक्कर तुझ्याकडून. मोठं. जेवणातली डुकरं वेगळी, त्यात हे धरायचं नाही."

"सकाळीच का नाही बोललात, आगाथाआई? आल्या आल्या?"

"कंपनी तुझी आहे. तू काय करतेस ते बघत होते."

"आणि मी ती कळ दाबली असती तर?"

"तर मी सही केली नसती, आणि बाई गेल्यावर तुझ्या थोबाडीत दिली असती." आगाथाने चुन्याची डबी पिशवीत टाकली. "आता फोन कर त्या जोसेफाला. पोतं काट्यावरच असेल अजून."

एका हंगामात, दोन गावांवर, आठ जणींपैकी चौघीच राहू शकणार होत्या. हा हिशेब नोएलीननेही मनात केला असणार, कारण ती वायरी उलगडून पुन्हा गुंडाळायला लागली होती. डेल्विनाने फोन लावला.

"दिवा विझला," जोसेफा उचलल्या उचलल्या म्हणाली. "पाहिलं आम्ही. करार झाला?"

"दोन गावांचा झाला. तुमच्या तीन गावांचा नाही."

मग जोसेफाने मागच्या बायकांना ते सांगितलं, आणि एकदम सगळ्याच बोलायला लागल्या.

"मग माझं त्रेसष्ट किलो कोण घेणार?"

"यंदा ट्रकवालाच."

"तो पन्नासच लिहील."

"माहीत आहे."

"हे तू फोनवर सांगतेस?"

"नाही. येऊन सांगणार आहे. आगाथाआईबरोबर आज बोटीनेच निघते. आधी तुमच्याकडे येते."

"आधी इथे नको," जोसेफा म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. "इथे बायका फार पेटल्यात. आधी बाकीच्या दोन गावांत ओरडा खाऊन ये. तोवर मी यांना गप्प करते."

"नाही," डेल्विना म्हणाली. "आधी तुमच्याकडेच. संध्याकाळी. सगळ्यांना काट्यापाशी थांबायला सांग."