दुसऱ्याच्या नावाची चाल

"पियानो बंद करायला लावू नकोस हं त्याला, पोरी. म्हातारा त्याच्यावरच जगतोय."

इमारतीची राखण करणाऱ्या योलेबाईंनी जिना पुसता पुसता बजावलं होतं. फिओरेंझाने ते उडवून लावलं. "तुमच्या घरात चार महिन्यांचं पोर रडत नाही, म्हणून सुचतंय!" तुल्लियोला कडेवर घेऊन ती वरच्या मजल्यावर गेलीच.

दार माएस्त्रो उल्देरिकोंनीच उघडलं. भिंतीभर सिनेमांची पोस्टरं, घोडे आणि पिस्तुलं. सत्तावीस सिनेमांचं संगीत त्यांचं. पण संगीतकारांच्या संस्थेच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले, आणि परीक्षेशिवाय स्वतःच्या चालीखाली सही करता येत नसे. सही करायचा एक पास झालेला मित्र. त्यातली गाणीही माएस्त्रोच गायले, पण बनावट अमेरिकी नावाने. काउबॉय रोमचा, हे कुणाला पटलं असतं?

पियानोमुळे बाळ झोपत नाही, हे तिने सांगून टाकलं. "रागावलात का?" तिने विचारलं.

"छे हो, सिन्योरा! माझ्या संगीताची तक्रार थेट माझ्याकडे आली, हे पहिल्यांदाच. आजवर शिव्यासुद्धा मित्रालाच मिळायच्या."

हसत हसत त्यांनी तिच्यादेखत पियानोचं झाकण लावलं. ते पुन्हा उघडलं नाही.

बाळ झोपायला लागलं. झोप उडाली ती तिची. वर पावलं वाजतायत का, म्हणून ती कान लावून बसायची. वर जायला मात्र लाज वाटायची.

ऑगस्टच्या सुट्टीत इमारतीतले सगळे समुद्रावर गेले. योलेबाईही किल्ल्यांचा जुडगा घेऊन गावी गेल्या. तुल्लियोला ताप, म्हणून मागे उरली ती फिओरेंझा, आणि वर माएस्त्रो. एका दुपारी टीव्हीवर जुना काउबॉयपट लागला आणि ती दचकली. हीच चाल महिनोन्‌महिने तिच्या डोक्यावर वाजत होती! किरकिरणारं पोर गप्प झालं. शेवटी पडद्यावर संगीतकाराचं नाव आलं, ते भलत्याचंच.

पोराला उचलून ती धावत वर गेली. "माएस्त्रो, वाजवा हो! हवं तेव्हा वाजवा!"

आतून हूं की चूं नाही. तिने फोन करून बोलावलेल्या अग्निशामक दलाने कुलूप तोडलं, तेव्हा ते स्वयंपाकघरात दोन दिवसांपासून पडलेले होते. जीव होता, वाचा गेली होती.

आता ते रोमबाहेर, वितेर्बो गावाच्या अलीकडे, ख्रिस्ती जोगिणींच्या वृद्धाश्रमात असतात. फिओरेंझा एकदाच जाऊ शकली. त्यांचं ताट तसंच होतं, सूपवर साय धरली होती. "यांना भेटायला कुणीच येत नाही," जोगीण म्हणाली.

तुल्लियोचं दुखणं हटत नाही, बस दोनदा बदलावी लागते. म्हणून भेटेल त्याला ती सांगते, तुम्हालाही सांगते: त्या वाटेने गेलात तर आत डोकावून या. जेवतात का, एवढं तरी बघा.