तानुबाईंच्या कापसाचा सुकतळा

मी एक जुना सुकतळा आहे, मित्रांनो; बुटाच्या आत पायाखाली घालतात, तो. माझी गोष्ट आठवली की अजूनही माझे टाके थरथरतात.

१९५८ साली अमरावतीत जोडे शिवणाऱ्या खुशालरावांनी मला दुपदरी कातड्यातून शिवले. शकुनच्या उजव्या बुटात मला जागा मिळाली. शकुन शाळेतली सर्वांत वेगवान मुलगी. पण एकदा बैलबंडीवरून उडी मारताना तिचा उजवा घोटा मुरगळला आणि तेव्हापासून तो साध्या खड्यावरही वळायचा. दोन महिन्यांनी अकोल्याला धावण्याच्या स्पर्धा होत्या. आणखी एकदा पडली, तर घरचे तिला धावू देणार नव्हते.

तिची आई तानुबाई कापूसवाली. शकुन पडली की त्या माझी शिवण उसवून पहिल्या वेचणीचा, सरकी काढलेला मऊ कापूस आत भरत. मी चांगला गुबगुबीत झालो. शेजारणी मला दाबून बघत आणि म्हणत, "गादीच हाये वं!" मी फुशारून जाई. तरी शकुन पुन्हा पडली.

सूज उतरल्यावर शाळेतल्या केशवराव मास्तरांनी तिला डोळे मिटून उजव्या पायावर उभे केले. अनवाणी ती वीस आकडे मोजेपर्यंत उभी राहिली. मग बूट घालून उभी राहिली, तर चौथ्या आकड्यालाच कलंडली! मला वाटले, काहीतरी चुकले असेल. पुन्हा केले. पुन्हा तेच!

मास्तरांनी मला बाहेर काढून दाबले. "तानुबाई, याच्यात का भरलं तुमी?"

"कापूस. पोरीच्या पायाले खडा टोचू नये म्हनून."

"पन पायाले खडा समजलाच नाही, तं तो सावरन कसा?"

मी सुन्न झालो. जिच्यासाठी माझा जन्म, तिला मीच पाडत होतो? तानुबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हंजे मीनंच पाडलं का वं तुले?"

तानुबाईंनी तिथेच शिवण उसवून सगळा कापूस ओढून काढला.

मित्रांनो, कुणाची काळजी घ्याल तेव्हा त्याला आधी नीट उभे राहून दाखवू द्या. आम्ही हे फार उशिरा केले.

अकोल्याच्या मैदानावर मी चपटा होतो, मला खडान्‌खडा लागत होता. वळणावर घोटा कलला. माझा जीव उडाला! पण पाय स्वतःच सावरला. शकुन तिसरी आली. कुंपणाशी तानुबाई डोळे गच्च मिटून उभ्या होत्या.

"पडली का वं माही पोरगी?" त्या कुणालाही विचारत होत्या, आणि शकुन धापा टाकत त्यांच्यासमोरच उभी होती.