खालचा सूर

लुनेड वेल्समधलं आपलं गाव सोडून इंग्लंडातल्या ओल्डहॅमला एका घरी कामाला आली, तेव्हा बारा वर्षांची होती. इंग्रजी तिला जेमतेम कळायचं. रविवारच्या शाळेत बाकीच्या मुली देवाची आनंदगीतं जोरजोरात म्हणत, तेव्हा ती नुसते ओठ हलवी.

एके रविवारी तिथल्या शिक्षिका मिस ऑर्मरॉड म्हणाल्या, "लुनेड, आज तुझ्या भाषेतलं एखादं गीत म्हण बघू. अगदी आनंदाचं."

लुनेड हरखून उभी राहिली आणि तिनं कापणीच्या सणाचं गीत धरलं. पण गावच्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, ते दोन वेगळ्या सुरांत एकदम म्हणत: वरचा, उल्हासाचा सूर तिची बहीण नेस्ट लावायची, लुनेडच्या वाट्याला कायम त्याला साथ देणारा खालचा. तिला येत होता तेवढाच. तोच एकटा, उदास वाटणारा सूर खोलीभर रेंगाळत राहिला.

"कुणी मेलंय का गं हिचं?" मागून एक पोरगी म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

"गप्प बसा!" मिस ऑर्मरॉड ओरडल्या. मग हळूच म्हणाल्या, "छान म्हटलंस हो. पण बाळ, मी आनंदाचं सांगितलं होतं."

उरलेलं अर्धं गाणं गावी राहिलंय, हे सांगायला लुनेडकडे शब्द नव्हते. "हो, बाई," एवढंच म्हणून ती खाली बसली.