गादीखालचा फर्मा

ठिणगीला मनीताईचा हेवा वाटायचा, आणि तोही थोडाथोडका नाही, चांगला पोट दुखेपर्यंत! मनीताई म्हणजे सख्खी मावसबहीण. तिच्या शाळेत कॅल्क्युलसचे तीन-तीन वर्ग, ठिणगीच्या शाळेत एकही नाही. "बारा मुलं आण, वर्ग काढतो," हेडसर म्हणाले होते. सगळ्यांच्या विनवण्या करून ठिणगीने जमवली किती? चार! आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत निम्मे प्रश्न कॅल्क्युलसचेच. परीक्षा महिन्यावर आलेली.

ठिणगीची आई पुस्तकं बांधायची. मनीताईच्या शाळेतली फाटकी पुस्तकं आली, की आई शिवण उसवून सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करायची. ते क्रमाने मोजून परत आईच्या हातात द्यायचे, हे काम ठिणगीचं. मोजता मोजता ती अधाशासारखी वाचायची. या खेपेला इंटिग्रेशनचा फर्मा हाती आला आणि तिला तो हातातून सोडवेना. 'मनीताईच्या शाळेला कशाला हवाय? त्यांना शिकवायला बाई आहेत!' फर्मा गेला गादीखाली. आईने विश्वासाने उरलेलं पुस्तक शिवलं.

शनिवारी मनीताई ते पुस्तक घेऊन दारात हजर. "मावशी, अगं एकशे बारा पानानंतर थेट एकशे एकोणतीस! बाई म्हणाल्या, बाइंडरला मोजता येत नाही वाटतं."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. "वीस वर्षांत माझ्या हातून एक पान इकडचं तिकडं झालं नाही गं..."

ते मात्र ठिणगीला बघवेना. तिने गादीखालचा फर्मा आणून टेबलावर ठेवला. समासात पेन्सिलने गणितंच गणितं, मुंगी शिरायला जागा नाही.

"अय्या, ही सगळी तू सोडवलीस?" मनीताई म्हणाली. "मला तर पहिल्याच पानावर जांभई आली."

ठिणगीला वाटलं, हिचा गळाच धरावा.

आईने एकेक पान उलटून पाहिलं. आता कानाखाली बसणार, म्हणून ठिणगीने मान आत ओढली. आई म्हणाली, "मने, शिवून देते हो. पण डिंक वाळायला महिना लागेल."

महिना? आईचा डिंक तर एका रात्रीत वाळायचा!

"लागू दे की," मनीताई चप्पल घालत म्हणाली. "शाळेत कपाटभर पडलीत, दुसरं घेते."

कपाटभर! ठिणगीने पुस्तक असं हिसकून घेतलं, की आई ओरडली, "हळू गं बये, पुठ्ठा निघेल!"