मनकर्णेची धूळपाटी

मित्रांनो, मी एक जुनी धूळपाटी आहे. धूळपाटी म्हणजे काय, म्हणून तोंडाचा आ करू नका. तुमच्या दगडी पाट्या आल्या त्याच्या कितीतरी आधीची मी. डोणगावच्या सुताराने सागाची जाड फळी रंधली, कडेने पट्ट्या ठोकल्या, की मी तयार. माझ्यावर विटेची बारीक भुकटी पसरायची आणि बोटाने अक्षर काढायचे. हात फिरवला की सगळे साफ. त्यामुळे मुळाक्षरांपलीकडे माझे शिक्षण फारसे टिकले नाही. मान मात्र मोठा होता. चुकून कुणाचा पाय लागला, तर तो वाकून मला हात लावी आणि तोच हात कपाळाला नेई. दुडदुडणारी पोरेही हे विसरत नसत.

घर शेतकऱ्याचे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते, आणि कचेरीत नोकरी हवी तर इंग्रजी यावेच लागे. घरचा थोरला मुलगा निवृत्ती मॅट्रिकला नेमका इंग्रजीतच आपटला. रागाने त्याने आपली दगडी पाटी फोडली. तेव्हा त्याच्या बायकोने, मनकर्णेने, मला माळ्यावरून काढले, पुसले आणि त्याच्यापुढे ठेवले. मनकर्णेला अक्षर येत नव्हते. कान मात्र असा, की एकदा ऐकलेले जन्मात सुटायचे नाही.

निवृत्ती अडायचा तो बारक्या शब्दांपाशी. 'लुक' म्हणजे पाहणे, एवढे त्याला ठाऊक. पण त्याला 'फॉर' चिकटला की अर्थ होतो शोधणे, आणि 'आफ्टर' चिकटला की सांभाळणे. तो माझ्यावर लिही, मोठ्याने घोकी, आणि सकाळी सगळी खिचडी.

"असं घोकून काई होत नाई," मनकर्णा एकदा म्हणाली. "मी सांगते, तुमी हातानं करा."

झाले! घराची शाळा झाली. "लुक फॉर वासरू!" की निवृत्ती गोठ्यामागे वासरू शोधतोय. "सापडलं? मंग आता लुक आफ्टर वासरू. बसा तिथंच, हलू नोका." "पुट ऑन टोपी" म्हटले की घालायची, "टेक ऑफ टोपी" म्हटले की काढायची. "पुट आउट चूल" म्हटल्यावर या गड्याने चुलीतले जळते लाकूड उचलून अंगणात नेऊन ठेवले.

"अवो, विजवा म्हटलं! भायेर काऊन नेलं?"

सासू ओसरीवरून ओरडली, "काय व मनकर्णे, नवऱ्याले नाचवून राह्यली काय?"

"नाई जी, पास करून राह्यली!"

मी हसले. मला तोंड नाही, तरी हसले. निवृत्तीही हसला आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "पास झालो की पयले तुले लिहाले शिकवतो, याच पाटीवर. मंग बुलढाण्याले नेतो, शायेत घालतो." माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाला, मित्रांनो. त्याहून मोठी शपथ ती कोणती?

तो पास झाला. बुलढाण्याच्या कचेरीत लागला. पहिल्याच दसऱ्याला कचेरीतल्या किसनरावांना बरोबर घेऊन घरी आला. दसऱ्याला पाटीपूजा असते. मनकर्णेने ताजी भुकटी पसरून माझ्यावर बोटाने सरस्वती काढली आणि मला ओसरीच्या काठाशी ठेवून ती फुले आणायला आत गेली. आत तिची पेटी भरून तयार होती.

निवृत्ती बोलत बोलत ओसरी चढला आणि त्याचा नवा बूट माझ्यावर पडला, थेट सरस्वतीवर. जुन्या सवयीने तो वाकला. हात अर्ध्यापर्यंत आला.

"काय निवृत्तीराव, फळीच्या पाया पडता काय?" किसनराव हसले.

तो हात तिथूनच मागे फिरला आणि मिशीवर गेला. पाय कुणाचाही चुकतो, त्याचे मला काही नाही. हात मागे फिरला, तिथे मी मेले. दारात फुले घेऊन उभ्या असलेल्या मनकर्णेनेही ते पाहिले.

"तुमची इंग्रजी मोठी साफ बॉ," किसनराव म्हणाले. "या गावात कोनं शिकवली?"

"इथं कोन शिकवते? आपलीच मेहनत."

मनकर्णा पुढे आली. पदर सावरून म्हणाली, "सिट डाउन, भाऊजी."

किसनराव पाहतच राहिले. निवृत्ती घाईने म्हणाला, "आयकून आयकून बोलते, पोपटावानी. तुमी ध्यान देऊ नोका."

पाहुणे हात धुवायला गेले, तेव्हा तिने विचारले, "पेटी भरली हाय. उद्या निंघाचं ना?"

"तिथं चार लोकायत तुले कुठं नेऊ? अन् लिहून तुले काय करा लागते?"

तिने हातातली फुले परत आत नेली. आणि सरस्वतीवर बूट उमटलेली मी तशीच पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी तो गेला. ती निरोपाला फाटकापर्यंत आली नाही. पेटीतली लुगडी काढून तिने दांडीवर टाकली. दुपारी माझ्यापुढे येऊन बसली, बुटाची खूण हाताने सारखी केली आणि बोटाने एक उभी रेघ ओढली. तिच्याशेजारी आणखी एक. मग बोट थांबले. तिला सरस्वती काढता येत होती, स्वतःचे नाव काढता येत नव्हते. 'म' कसा असतो हे मला ठाऊक होते हो! पण मला ना हात, ना तोंड. तिने पुसले, पुन्हा रेघ ओढली, पुन्हा थांबली.

मित्रांनो, तुम्हाला हात आहेत. जिने तुमचे धडे ऐकले, चुकलात तिथे टोकले, तिला अक्षर येत नसेल तर आजच तिच्याजवळ बसा. चार माणसे बघत असली तरी बसा. तिचे बोट धरा आणि तिच्या नावाचे पहिले अक्षर काढून दाखवा. दुसरे ती स्वतः मागून घेईल.