संध्याकाळचं वेडावणं

वायरमनचं पित्त खवळायचं ते बायकोच्या संध्याकाळच्या तोंडामुळे. सकाळी हीच बाई दोन डबे भरून, वह्यांचा गठ्ठा काखेत मारून टुणटुणीतपणे शाळेत शिकवायला जायची. संध्याकाळी हा दमूनभागून घरी यायचा, गिऱ्हाइकाचा एखादा किस्सा रंगवून सांगायला बसायचा, आणि ही वरचा ओठ नाकाकडे ओढून नुसते दात विचकायची. वर नाकात बोलून वेडावायची, एक पापणी अर्धी मिटून! पंधरा वर्षांच्या संसारात त्याचा असा पाणउतारा झाला नव्हता. का वेडावतेस, हे काही त्याने विचारलं नाही. किस्से सांगणं मात्र बंद केलं आणि फुगून बसला.

त्यात तिचं तुणतुणं चालूच, मला काहीतरी झालंय म्हणून. दोनदा त्याने दवाखान्यात नेलं. दोन्ही वेळा नंबर सकाळी नऊचा, आणि नऊ वाजता बाईसाहेब अशा तरतरीत, की डॉक्टरांनी ‘ताण घेऊ नका’ म्हणत शक्तीच्या गोळ्या हातावर ठेवल्या. वायरमनने हात टेकले. "पुरे झालं सोंग," तो म्हणाला.

तिने त्याच दिवशी बॅग भरली. "आता शेवटचं दाखवायचं, नसांच्या डॉक्टरला. काही निघालं नाही तर मी दादाकडे जाते. सोंगाडी म्हणून नाही राहायचं मला या घरात."

नंबर पुन्हा नऊचाच. पण डॉक्टरीणबाई दुसऱ्या एका पेशंटपाशी अडकलेल्या. दहा वाजले, बारा वाजले, तीन वाजले. वायरमनची दोन कामं बुडाली. फोनवर गिऱ्हाईक ओरडत होतं, तो नंबर देणाऱ्या खिडकीतल्या मुलीवर ओरडत होता, आणि ती बिचारी "येतीलच हं" एवढंच म्हणत होती. बायको कोपऱ्यात बसून वह्या तपासत होती. पाचच्या सुमाराला तिच्या हातातलं पेन गळून पडलं, पापणी खाली आली.

"झालं सुरू," तो पुटपुटला.

शेवटी आत बोलावणं आलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला मिनिटभर छताकडे बघायला लावलं. दोन्ही पापण्या ढासळल्या. मग एका डोळ्यावर दोन मिनिटं बर्फाची पिशवी धरली. ती काढली, तर त्या डोळ्याची पापणी सरळ वर! वायरमन बघतच राहिला.

"वायर कुठे तुटलीय का हिची?"

"वायर शाबूत आहे," बाई म्हणाल्या. "मेंदूचा इशारा नसेतून विजेसारखा पळत येतो. पण नसेचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं. मध्ये बारीक फट असते. तिथे टोकातून एक रसायन सुटतं, ते फट ओलांडतं आणि स्नायू ते टिपतो. यांच्या शरीराने ते टिपायच्या जागाच अडवून ठेवल्यात. सकाळी रसायन भरपूर असतं, तेव्हा निभावतं. वापरून वापरून ते कमी पडायला लागतं. थंडाव्याने ते जरा जास्त टिकतं, म्हणून बर्फ."

"मग ती फटच बुजवून टाका ना!"

"तसं नाही होत. गोळ्या आहेत." मग त्या बायकोकडे वळल्या. "जरा हसा बरं."

बायकोचा वरचा ओठ नाकाकडे ओढला गेला, दात दिसले. वायरमनचा पाराच चढला.

"हेच! बघा ना, रोज संध्याकाळी मला अशीच वेडावते!"

"अहो, त्या हसताहेत," बाई म्हणाल्या. "ओठांचे कोपरे उचलणारे स्नायू थकलेत, मधलाच ओठ तेवढा वर जातोय. टाळूही थकलीय, म्हणून आवाज नाकातून येतो. रक्त तपासून नक्की कळेल, पण मला फारशी शंका नाही."

बाई चिठ्ठी लिहायला लागल्या. वायरमनला कुठे बघावं ते कळेना.

"म्हणून किस्से बंद केलेत?" बायकोने विचारलं.

"हो."

"मला वाटलं, माझा कंटाळा आला तुम्हाला." ती थांबून थांबून, नाकातून बोलत होती. "हसू यायचं हो मला. पोट धरून हसावंसं वाटायचं. इतके महिने मनात धरून बसलात, एकदा विचारायला काय झालं होतं?"

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तर काहीच उमटत नव्हतं, राग नाही, रडू नाही.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

"खूप," ती म्हणाली.