हिरव्या फडक्याची करामत

नजीबाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जुलैच्या भर दुपारी इराकच्या बसऱ्यातला शहाणा माणूस दाराबाहेर नाकसुद्धा काढत नाही, पण त्या दिवशी गल्लीतली यच्चयावत माणसं पोराबाळांसकट तिथे उन्हात उभी होती. शरजी वारा सुटला होता. हा दमट वारा सुटला की घाम वाळायचंच नाव घेत नाही. तरी कोणी जागचं हलत नव्हतं.

अंगणातल्या भिंतीशी, गच्चीच्या कठड्याच्या बरोबर खाली, नजीबाच्या बंद पडलेल्या एसीचा बाहेरचा डबा होता. तिथे दोन बाप्ये एक जाड चादर आडवी धरून उभे होते. चादरीमागे एकटे शेख फालेह, नजर आणि जिन उतरवणारे. त्यांनी आधी घरातली वीज बंद करायला लावली होती. विजेच्या धक्क्याने जिन बिथरतो म्हणे! मग रबरी नळीतून मंतरलेलं पाणी सुरू झालं.

"मागे सरा! डोळे मिटा! बाहेर पडणाऱ्याच्या वाटेत येऊ नका!" चादरीमागून आवाज आला.

सांगितल्यावर कोण डोळे मिटतंय? सगळ्यांनी ते वटारूनच पाहिलं. चादरीखालून काळंकुट्ट पाणी वाहत आलं. बायकांनी झगे आवरून घेतले.

"पाहा, पाहा! ही नजर! कशी काळी आहे पाहा! तीन महिने या घराच्या उरावर बसली होती!"

वीज चालू झाली. घरात गेलेली नजीबाची पुतणी ओरडतच बाहेर आली, "गार! अगदी बर्फासारखी हवा येतेय!" मग काय विचारता, जयघोषाने अंगण दणाणलं. शेखांनी डब्याला हिरव्या जाड कापडात चहूबाजूंनी बांधलं, गाठी मारल्या, त्यावर सात भोकांचा निळा मणी अडकवला आणि बजावलं, "गाठ सोडाल तर माझी जबाबदारी नाही."

हे सगळं रिहाब शेजारच्या गच्चीवरून पाहत होती. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिला मनातून हसू येत होतं. पण ते फार वेळ टिकलं नाही.

"मी कोणाचं नाव घेत नाही," शेख कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "पण अकलेने विचार करा. गल्लीत एकेकाचा एसी आचके देतोय. एकाच घरातला धडधाकट आहे. का? तुमचा गारवा तिकडे ओढला जातोय! भिंतीला भिंत लागून आहे, एवढंच सांगतो."

नजीबाच्या भिंतीला एकच भिंत लागून होती. अंगणातल्या सगळ्या माना एकदम तिकडे वळल्या. ते घर रिहाबचं आणि तिच्या आईचं, बद्रियाचं.

त्या संध्याकाळपासून बद्रियाचं जगणं अवघड झालं. ती आणि नजीबा एकाच वर्षी या गल्लीत सुना म्हणून आलेल्या. गच्चीच्या कठड्यावरून रोज सुक्या लिंबाच्या चहाचे पेले इकडून तिकडे जायचे. आता नजीबा तिला पाहून दार लावून घेऊ लागली. रस्त्यात ती दिसली की बायका लेकरांच्या चेहऱ्यावर ओढणी ओढू लागल्या. आणि वाईटात वाईट म्हणजे, रिहाबचं लग्न नजीबाच्याच मुलाशी, मुहन्नदशी, ठरलेलं होतं. उन्हाळा संपला की बार उडायचा होता.

मुहन्नद बंदरात नोकरीला होता. मोठमोठ्या क्रेन हलवायचा, पण आईपुढे त्याची जीभ हलत नसे. तो दारात येऊन उभा राहिला.

"आई म्हणते, सध्या राहू दे."

"काय राहू दे?"

"लग्न. आई म्हणते, नजरेचं घर आहे, सून आणली की नजर हुंड्यातच येईल."

"आणि तू काय म्हणतोस?"

मुहन्नदने जरा विचार केला. "मी म्हणतो की आई असं म्हणते."

"वा! मग लग्नही आईलाच करू दे," रिहाब म्हणाली आणि तिने दार लावलं. दार लावल्यावर मात्र तिला रडू फुटलं. तो बावळट असला तरी तिला आवडत होता.

बद्रिया आत कांदा चिरत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आपला एसी बंद करून टाकू या का गं? आपणही घामाने निथळलो की बोलायचं थांबतील."

"आई! आपला एसी चालतो, कारण दर महिन्याला मी तो धुते. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"तू धुतेस ते त्यांना कुठे दिसतं? त्यांना फक्त माझे डोळे दिसतात." बद्रियाने सुरी खाली ठेवली. "नजीबाची सगळी बाळंतपणं काढली मी. याच डोळ्यांनी तिची पोरं पाहिली आधी."

हे ऐकून रिहाबच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आईच्या डोळ्यांवरचा हा डाग धुतल्याशिवाय राहायचं नाही, असं तिने ठरवलं. ती गच्चीवर गेली आणि वाकून नजीबाच्या डब्याकडे पाहत बसली. पाहता पाहता तिला आठवलं. उन्हाळा लागला की गल्लीतली प्रत्येक बाई हिवाळी गालिचे कठड्यावर टाकून दणादण बडवते आणि गुंडाळून ठेवते. नजीबा तर टापटिपीची, तिचं बडवणं दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचं. कठड्याखाली काय, तर एसीचा डबा! लोकरीचा सगळा भुसा, वर्षाची धूळ, सरळ त्याच्या जाळीत. वरून वादळाची वाळू. मग तो गरीब डबा श्वास घेणार कसा?

आणि आता तर तो जाड कापडात बांधलेला.

जे व्हायचं तेच झालं. नजीबाचा एसी पहिल्या दिवसापासूनच थोड्या थोड्या वेळाने तापून थांबू लागला आणि आठवडा उलटायच्या आत पुरता बंद पडला. शेखांना पुन्हा बोलावणं गेलं. ते शुक्रवारी आपल्या पांढऱ्याशुभ्र गाडीतून आले. गाडी चालूच ठेवली होती, आतला गारवा जाऊ नये म्हणून. डब्यावरची गाठ पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अरेरे! गाठीवरच घाव घातलाय! फार जहाल नजर आहे. यावेळी मोठा विधी लागणार. अशा घराशी सोयरीक तर सोडाच, सावलीसुद्धा घेऊ नका."

"शेखसाहेब, ती नजर इथेच उभी आहे," रिहाब गर्दीतून पुढे आली. "मीच ती, भिंतीपलीकडची. आज माझी परीक्षा घ्या ना."

"रिहाब, घरी जा पोरी," नजीबा कसनुशी होऊन म्हणाली.

"जाते, मावशी. पण माझ्या आईला तुम्ही चेटकीण ठरवलंत, तर निदान मला दोन शब्द बोलू द्या." ती गल्लीपलीकडच्या चहावाल्याकडे वळली. "शनानकाका, तुमच्या दुकानातला एसी कसा आहे?"

"मेलाय!" शनान म्हणाला. "माझ्या चहापेक्षा त्याची हवा गरम. गिऱ्हाईक फिरकत नाही."

"मंत्र न म्हणता मी तो जिवंत केला तर?"

"पोरी, तू शिव्या देऊन जिवंत केलास तरी चालेल!"

गर्दी हसत हसत रस्ता ओलांडून दुकानाबाहेरच्या डब्याशी आली; वर शनानच्या घराचा कठडा होता. रिहाबने आधी वीज बंद करायला लावली, मग नळी घेतली. "चादर नको. सगळ्यांनी डोळे उघडे ठेवा. आणि मंत्रच हवा असेल तर माझा ऐका. बे एके बे! बे दुणे चार!"

शाळेतल्या मुली गर्दीत होत्याच. त्यांनी सूर धरला. बे त्रिक सहाला जाळीतून काळं पाणी सुटलं. बे चोक आठला लोकरीचे गोळे बाहेर आले. शनानने एक उचलून डोळ्यांशी धरला आणि त्याचा चेहरा पडला.

"हा तर माझ्या बायकोच्या लाल गालिच्याचा रंग!"

पाढा संपला, पाणी निथळलं, वीज चालू झाली. शनान दुकानात गेला तो बाहेरच येईना. आतून त्याचा आवाज आला, "मी इथेच राहतो, तुम्ही चालू द्या!"

"जादूटोणा!" शेख गरजले. "जिने लावलं तिनेच काढलं! यावर माझं कापड बांधा, मग पाहा."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," रिहाब म्हणाली. तिने नजीबाच्या डब्यावरचं हिरवं कापड आणून शनानच्या डब्याला चारी बाजूंनी घट्ट बांधलं, मणीसुद्धा अडकवला. "आता सगळ्यांनी चहा प्या."

शनानने चहा दिला. निम्मी गल्ली दुकानात कोंबून उभी राहिली. पेले रिकामे व्हायच्या आधीच गार हवा कोमट झाली, मग गरम झाली आणि बाहेरचा डबा घुर्र करून बंदच पडला. रिहाबने कापड सोडलं. डबा तापून लालबुंद व्हायचाच काय तो बाकी होता. जरा निवल्यावर चालू केला, पुन्हा गार.

"घरातली उष्णता बाहेर टाकणं, एवढंच त्या डब्याचं काम," ती म्हणाली. "त्याची जाळी बुजली की टाकता येत नाही. धुतलं की टाकता येतं. आणि बांधून ठेवलं की तो गुदमरून पुन्हा बंद पडतो, म्हणजे शेखसाहेबांना पुन्हा बोलावणं!"

"खोटं! साफ खोटं!" शेखांचा आवाज चढला. "कापडाने काही होत नाही! कापड म्हणजे संरक्षण!"

तेवढ्यात मुहन्नद गाडीजवळ गेला. त्याच्या हातात ते हिरवं कापड होतं. तो गाडीच्या नाकावरच्या जाळीवर ते पसरू लागला.

"ए, काय करतोस?"

"संरक्षण, शेखसाहेब. एवढी सुंदर गाडी. नजर लागायची."

"काढ ते आधी, गाढवा! हवा बंद होऊन इंजिन तापेल ना!"

या वेळी गल्लीतल्या सगळ्या माना शेखांकडे वळल्या. आपण काय बोललो ते शेखांना कळलं, पण तोवर फार उशीर झाला होता.

"मग आमच्या एसींनी तुमचं काय घोडं मारलं होतं?" दुकानातून शनानने विचारलं.

आधी एक बाई हसली, मग सगळे. हसण्याच्या त्या लाटेतच शेख गाडीत बसले. मोठा विधी बाजूला राहिला आणि ते गाडी मागे घेत घेत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, कारण वळवायला कोणी वाट देईना.

रिहाबने मुहन्नदकडे पाहिलं. "हे आईने सांगितलं का?"

"नाही," तो लाजून म्हणाला. "हे माझं मलाच सुचलं."

नजीबा हसत नव्हती. ती खाली मान घालून गल्ली ओलांडून बद्रियाच्या दारात गेली. बद्रिया चौकटीला धरून उभी होती. 

"बद्रिया, मला तोंड दाखवायला जागा नाही," नजीबा म्हणाली. "माझ्याच गालिच्याची घाण, आणि मी ती तुझ्या डोळ्यांत शोधत बसले."

"मग आता माझ्या डोळ्यांकडे नीट पाहा तरी," बद्रिया म्हणाली, आणि नजीबाने पाहिलं तेव्हा दोघी गळ्यात पडून रडल्या.

त्या शुक्रवारी गल्लीत घरोघरी नळ्या निघाल्या. कोणी डब्यावर पाला शाकारून सावली केली, हवेला वाट ठेवून. गालिचे बडवायची जागा बदलली. उन्हाळा संपला की लग्नाचा बार उडणार, हेही पुन्हा पक्कं झालं. रिहाबने जमलेल्यांना एकच विनंती केली, आणि ती आपल्याही कामाची आहे.

"दुआ जरूर मागा, तुमच्या समाधानासाठी मागा. पण यंत्र बिघडलं तर आधी यंत्र उघडून पाहा. माणसाला दोष देणं सोपं असतं, त्यासाठी हात मळवावे लागत नाहीत. तरी मळवा. आत काय साचलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि ते पाहायच्या आधी कोणाच्याही आईकडे बोट दाखवू नका."